एकच झाड उरलं तेव्हा: इंग्लंडमधल्या लेडीज स्लिपर ऑर्किडचं प्रकरण

१९१७ मध्ये ब्रिटनच्या वनस्पतींच्या यादीतून लेडीज स्लिपर ऑर्किड गेल्यातच जमा धरलं गेलं. उत्तर इंग्लंडच्या चुनखडकी जंगलांत कधीकाळी बऱ्यापैकी दिसणारं हे रानऑर्किड नामशेष झालं, असं जाहीर झालं. मग १९३० मध्ये यॉर्कशायर डेल्समधल्या एका दुर्गम उतारावर ते पुन्हा सापडलं. एकच झाड. संपूर्ण देशातल्या मूळ रानटी वंशाचा तेवढाच धागा उरला होता.

पुढे काय झालं ते सविस्तर सांगण्यासारखं आहे, कारण थंडीतलं रानऑर्किड वाढवताना जे जे आडवं येतं ते सगळं या एका प्रकरणात येऊन गेलं आहे. परागण, बी रुजवणं, बुरशी, हिवाळा, गोगलगाई, चोर. सोय अशी की प्रत्येक अडचणीवर कुणीतरी काहीतरी करून पाहिलं आणि त्याचा निकाल आज आपल्यासमोर आहे.

झाड कसं असतं ते आधी. शास्त्रीय नाव सायप्रिपेडियम कॅल्सिओलस. हे झाडावर चढून बसणारं ऑर्किड नव्हे, जमिनीत मुळं रोवणारं आहे. मातीखाली आडवं खोड असतं, राइझोम म्हणतात ते. त्याच्या टोकाशी पुढच्या वर्षीचा कोंब यंदाच्या उन्हाळ्यातच तयार होऊन बसतो. शरदात पानं सुकून जातात, बर्फ पडतो, जमीन गोठते, आणि वसंतात तो कोंब वर येतो. मे-जूनमध्ये फूल येतं. पिवळी, फुगीर, बुटाच्या चवड्यासारखी पिशवी आणि तिच्याभोवती पिळलेल्या तपकिरी-जांभळ्या पाकळ्या. इतकं देखणं फूल त्या थंड मुलुखात दुसरं कुठलं नाही, आणि सगळी भानगड तिथूनच सुरू होते.

झाडं गेली कुठे?

सतराव्या शतकातली एक नोंद आहे. लंडनचे औषधी वनस्पतींचे जाणकार जॉन पार्किन्सन लिहितात की हे ऑर्किड लँकेशायर आणि यॉर्कशायरच्या सीमेवर, इंगलबरो डोंगरापासून तीन मैलांवरच्या हेल्क्स नावाच्या रानात उगवतं. ही माहिती त्यांना थॉमसिन टन्स्टॉल नावाच्या बाईंनी दिली होती. बाई फुलझाडांच्या मोठ्या शौकीन. त्या इथली मुळं खणून पार्किन्सनना लंडनला पाठवत आणि ती त्यांच्या बागेत फुलत.

यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. जंगलात भरपूर आहे, चार मुळं नेली तर काय बिघडलं, असा तो काळ. पण पुढची दोनशे-अडीचशे वर्षं हेच चालू राहिलं. सेटलसारख्या बाजाराच्या गावांत फुलांच्या जुड्या विकायला येत. बागांसाठी माळी झाडं उपटून नेत. व्हिक्टोरिया राणीच्या काळात वनस्पती वाळवून संग्रह करायचं खूळ पसरलं आणि उरलेल्या झाडांच्या मागे संग्राहक लागले. जात जितकी दुर्मीळ तितका तिचा वाळवलेला नमुना मोलाचा. म्हणजे झाड कमी झालं की ते उपटण्याचं कारण आणखी जोरकस व्हायचं. भरीला जंगलतोड आणि मेंढ्यांची चराई होतीच. पण ज्या जागी जंगल शाबूत आहे तिथूनही हे ऑर्किड गेलं, यावरून खरा घाव खणणाऱ्यांचाच होता असं मला वाटतं.

त्या खणण्यातून एक गोष्ट मात्र पुढे कामी आली. बागांत नेलेल्या झाडांपैकी काही जगली, आणि पिढ्यान्‌पिढ्या जुन्या बागांत टिकून राहिली. त्यांच्याकडे परत येऊ.

चाळीस वर्षांची राखण

१९३० नंतर जागा गुप्त ठेवण्यात आली. मोजक्या लोकांना ठाऊक, आणि ती माणसं तोंड उघडत नसत. झाड सांभाळलं गेलं ते या गुप्ततेमुळेच, त्यांचं हे ऋण मान्य करायलाच हवं. १९७० मध्ये सायप्रिपेडियम समिती नेमली गेली. फुलांच्या हंगामात राखणदार बसू लागले. १९७५ च्या कायद्याने आणि नंतर १९८१ च्या वन्यजीव कायद्याने हे झाड तोडणं, उपटणं गुन्हा ठरला.

पण झाड राखलं म्हणून ती जात वाढत नाही. चाळीस वर्षांनंतरही झाड एकच होतं. त्याला पिल्लं नव्हती. हे दुर्दैव नव्हतं, त्या फुलाच्या रचनेतच त्याचं कारण आहे.

फुलाची पिवळी पिशवी हा सापळा आहे. आत मध नाही. वास आणि रंगाला भुलून अँड्रिना किंवा लॅसिओग्लॉसम या गटांतली एकटी राहणारी छोटी मधमाशी पिशवीच्या काठावर उतरते आणि घसरून आत पडते. पिशवीच्या भिंती गुळगुळीत, काठ आत वळलेला, त्यामुळे आल्या वाटेने बाहेर पडता येत नाही. मागच्या बाजूला भिंतीचे काही भाग पातळ आहेत, त्यांतून उजेड झिरपतो. माशी उजेडाच्या दिशेने जाते, तिथे केसांची एक उभी पायवाट असते, ती धरून वर चढते. वर दोन बाजूंना दोन चिंचोळी दारं. दाराशी पोहोचण्याआधी तिची पाठ मादीभागाला घासते, आणि दारातून अंग चोरून निघताना तिच्या पाठीला चिकट पराग फासला जातो. क्रम असा असल्यामुळे त्याच फुलाचा पराग त्याच फुलाला लागत नाही. दुसऱ्या फुलात ती पुन्हा फसली, तरच काम होतं.

आता यातल्या अटी मोजा. माशी नेमक्या आकाराची हवी. मोठी असेल तर दारात अडकते, लहान असेल तर कशालाही न घासता निघून जाते. ती दोनदा फसायला हवी. आणि दुसरं फूल जवळपास हवं. जिथे या ऑर्किडची शेकडो झाडं आहेत तिथेही बहुतेक फुलांना फळ धरत नाही. एका झाडावर, हंगामाला मोजक्या फुलांसह, निसर्ग आपोआप बी धरेल अशी वाट पाहणं म्हणजे लॉटरीचं तिकीट न घेता निकालाची वाट पाहणं.

समितीने १९७० पासून हाताने परागण करायला सुरुवात केली. तंत्र साधं आहे. बारीक काडीने चिकट पराग उचलायचा आणि पिशवीच्या तोंडाशी खाली वळलेल्या मादीभागाला लावायचा. हेच काम पस्तीस-चाळीस वर्षं आधी सुरू झालं असतं तर बरं झालं असतं, असं मागे वळून म्हणणं सोपं आहे. त्या काळात बी मिळालं असतं तरी ते रुजवणार कसं, हा प्रश्न होताच. आणि या प्रकरणाचा खरा गाभा तोच आहे.

बी आहे, पण रुजत नाही

ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं. एका बोंडात हजारो बिया, पण एकाही बीत शिदोरी नाही. गहू, हरभरा, आंबा यांच्या बीत रोपाला पहिले दिवस पुरेल इतकं अन्न भरलेलं असतं, ऑर्किडच्या बीत फक्त पेशींचा एक बारका पुंजका असतो. जमिनीतल्या ठरावीक बुरशीने येऊन त्याला खाऊ घातलं तरच तो वाढतो. सायप्रिपेडियमच्या मुळांत प्रामुख्याने ट्युलॅस्नेला गटातल्या बुरशी सापडतात. बी पडलं त्या बोटभर मातीत ती बुरशी असली तर ठीक, नाहीतर बी तिथेच संपलं. बुरशी भेटलीच तरी सुरुवातीचा काळ सगळा जमिनीखाली जातो, आणि पहिलं फूल दिसायला कित्येक वर्षं लागतात.

१९८३ मध्ये लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानात सर रॉबर्ट सेन्सबरी यांच्या देणगीतून ऑर्किड संवर्धनाचा एक प्रकल्प सुरू झाला. ब्रिटनची आणि युरोपातली रानऑर्किडं प्रयोगशाळेत बीपासून वाढवायची, हा उद्देश. बऱ्याच जातींबाबत बुरशीसोबत बी रुजवण्याची पद्धत यशस्वी ठरली. लेडीज स्लिपर मात्र त्या वाटेने जाईना. म्हणून दुसरी वाट धरली गेली. बुरशी वगळायची आणि तिने पुरवलं असतं ते अन्न बाटलीतच द्यायचं.

इथे दोन गोष्टींनी काम केलं, आणि दोन्ही माळीकाम करणाऱ्याने समजून घ्याव्यात अशा आहेत.

पहिली म्हणजे बी पिकायची वाट पाहायची नाही. पिकलेल्या बीचं आवरण कडक होतं, पाणी आत जात नाही, शिवाय वाढ रोखून धरणारी द्रव्यं त्यात साठतात. निसर्गात हे शहाणपणाचं आहे, कारण शरदात पडलेलं बी लगेच उगवलं तर हिवाळ्यात मरेल. प्रयोगशाळेत मात्र तो अडथळा ठरतो. म्हणून बोंड हिरवं असतानाच, परागणानंतर काही आठवड्यांनी काढायचं. गर्भ तयार झालेला असतो पण आवरणाला कुलूप लागलेलं नसतं. ही संधी फार थोड्या दिवसांची. लवकर काढलं तर गर्भ कच्चा, उशीर झाला तर कुलूप बंद. बोंड बाहेरून निर्जंतुक केलं की आतलं बी आपोआप स्वच्छ असतं, हा आणखी एक फायदा. पिकून फुटलेल्या बोंडातल्या बिया रसायनात धुवाव्या लागतात आणि त्यात बऱ्याच मरतात.

दुसरी गोष्ट अन्नाची. उष्ण प्रदेशातल्या ऑर्किडांसाठी बाटलीत जी खारट, खनिजं भरलेली पोषक मिश्रणं वापरतात, त्यांत ही थंड मुलखातली ऑर्किडं काळी पडून मरतात. स्वीडनमधले स्वान्ते माल्मग्रेन पेशाने डॉक्टर, ऑर्किड हा त्यांचा छंद. त्यांनी खनिजं अगदी कमी ठेवून नत्र अमिनो आम्लांच्या रूपात द्यायची पद्धत बसवली. माणसांना शिरेतून देण्याचं अमिनो आम्लांचं तयार द्रावण त्यांनी ऑर्किडच्या बाटलीत वापरलं. दवाखान्यात रोज हाताळलेली वस्तू बागेतल्या प्रश्नाला लावायची कल्पना डॉक्टरलाच सुचणार. विचार केला तर पटतं: बुरशीही या बाळरोपाला सेंद्रिय रूपातलंच अन्न पुरवते. इंग्लंडच्या कामाला या पद्धतीचा मोठा आधार मिळाला.

बाटल्या अंधारात ठेवतात. बी फुगतं, पांढरा मणी तयार होतो, त्याला मुळं फुटतात, कोंब दिसू लागतो. आणि मग सगळं थांबतं. नवख्या माणसाला वाटतं रोप मेलं. ते मेलेलं नसतं, हिवाळ्याची वाट पाहत असतं. बाटली दोन-तीन महिने २ ते ४ अंश सेल्सिअसला, म्हणजे साध्या फ्रिजच्या खालच्या कप्प्याइतक्या थंडीत ठेवली की कोंबाची झोप पुरी होते. त्यानंतरच त्याला मातीत लावायचं. ही थंडी चुकवली तर कोंब उघडत नाही, किंवा उघडला तरी रोप पुढे जात नाही. बाटलीतल्या रोपाला लागू असलेला हा नियम दहा वर्षांच्या झाडालाही तसाच लागू आहे.

एक प्रश्न राहिला होता. सगळं बी एकाच झाडाच्या स्वपरागणातून आलं तर पुढची पिढी एकसुरी आणि कमजोर होण्याची भीती. इथे त्या जुन्या बागा उपयोगी पडल्या. ज्यांचा इंग्लिश रानाशी असलेला संबंध पटण्याजोगा आहे अशी बागेतली झाडं शोधून त्यांच्याशी संकर केला गेला. ज्या खणणाऱ्यांनी जात संपवली त्यांच्याच बागेतून थोडं वैविध्य परत मिळालं. (याचा अर्थ खणणं योग्य होतं असा कुणी काढू नये. जगलेल्या प्रत्येक झाडामागे मेलेली किती, याची कुणी नोंद ठेवलेली नाही.)

रानात परत

१९८९ मध्ये पहिली रोपं रानात लावली. निकाल सुरुवातीला निराशाजनक होता. बाटलीतून निघालेलं बोटाएवढं रोप जंगलाच्या तोंडी दिलं की गोगलगाई एका रात्रीत त्याचं एकुलतं पान खाऊन टाकतात. त्याच्याकडे साठा इतका थोडा की दुसरं पान काढायची ताकद नसते. रानउंदीर, ससे, आणि उथळ मातीत एखादा कोरडा उन्हाळा, एवढ्यात बरीच रोपं गेली.

यातून जी सुधारणा झाली ती दिसायला किरकोळ, पण माझ्या मते बाटलीतल्या यशाइतकीच मोलाची आहे. रोपं कुंडीत काही वर्षं वाढवून, मुळांचा झुबका चांगला झाल्यावरच रानात न्यायची. वर जाळीचा पिंजरा. मुळं भरलेल्या झाडाचं पान गोगलगाईने खाल्लं तरी ते पुढच्या वर्षी पुन्हा येतं. एखाद्या वर्षी ते अजिबात वर येत नाही, जमिनीखालीच राहतं आणि नंतर उगवतं, हेही या जातीचं नेहमीचं आहे. त्यामुळे दिसलं नाही म्हणून मेलं अशी नोंद करण्याची घाई करून चालत नाही.

जागा निवडतानाही डोळसपणा लागतो. चुनखडकावरची, पाणी न साचणारी माती, हेझल आणि ॲश यांच्या विरळ रानाची कड, सकाळचं ऊन आणि दुपारी सावली. सावली फार दाट झाली तर झाड जगतं, पण फुलत नाही.

लावलेल्या रोपांपैकी पहिल्याला फूल आलं ते २००० मध्ये, लागवडीनंतर ११ वर्षांनी. कुठल्याही सरकारी प्रकल्पाचा आढावा ११ वर्षं थांबत नाही, हे लक्षात घेतलं म्हणजे या लोकांच्या चिकाटीची कल्पना येते. तेव्हापासून उत्तर इंग्लंडमधल्या अनेक जुन्या जागी झाडं लावली गेली आहेत. अलीकडे यॉर्कशायरमध्ये एका जागी माणसाचा हात न लागता बीपासून उगवलेलं रोपही आढळलं. एकट्या रोपावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत, पण माशी, बुरशी, माती आणि उजेड या चारही गोष्टी एका जागी जुळल्याशिवाय ते रोप उगवलं नसतं, एवढं नक्की.

लोकांना दाखवायचं की लपवायचं, हा वाद मात्र शिल्लक होता. मूळ झाडाची जागा गुप्तच ठेवली गेली. पण लोकांनी पाहिलंच नाही तर त्यांना आस्था वाटणार कशी, म्हणून यॉर्कशायरमधलं किल्नसी पार्क आणि लँकेशायरमधलं गेट बॅरोज राखीव क्षेत्र इथे लागवडीची झाडं पाहण्याची सोय केली गेली. ही तोड मला पटते. ज्याला फोटो काढायचा आहे त्याला जागा दिली की तो रानात भटकत तुडवत फिरत नाही. चोर त्याने थांबत नाही. लँकेशायरमध्ये सिल्व्हरडेलजवळ गोल्फच्या मैदानावर या ऑर्किडचं एक जुनं, लोकांना ठाऊक असलेलं झाड आहे. त्यावर हात मारण्याचे प्रकार झाले, आणि २०१० च्या हंगामात एका फुलझाडासाठी पोलिसांची गस्त लागली.

बागेत वाढवणाऱ्यासाठी

या प्रकरणातून घरच्या बागेसाठी निघणारी पहिली गोष्ट हवामानाची आहे. वर्षातले निदान तीन महिने ५ अंशांच्या खालची थंडी जिथे पडत नाही तिथे सायप्रिपेडियम टिकत नाही. पहिल्या वर्षी फूल येईल, कारण कोंब आधीच्या मालकाकडे तयार झालेला असतो. दुसऱ्या वर्षी झाड लहान होतं, तिसऱ्या वर्षी दिसत नाही. भारतात याची भावंडं हिमालयात आहेत. सायप्रिपेडियम कॉर्डिजेरम आणि सायप्रिपेडियम हिमालयिकम उत्तराखंडच्या उंच कुरणांत फुलतात. फुलांच्या घाटीत गेलेल्यांनी ती पाहिली असतील. ती तिथेच पाहावीत. सगळी सायप्रिपेडियम साइटस कराराखाली, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या कराराखाली येतात, आणि रानातून उपटलेलं झाड बागेत क्वचितच जगतं.

थंड प्रदेशात ज्यांची बाग आहे त्यांनी सुरुवात मूळ जातीने न करता संकरित वाणाने करावी. ‘गिसेला’सारखे वाण जास्त सोशिक आहेत आणि ते रोपवाटिकेत बाटलीतूनच वाढवलेले असतात. विकत घेताना रोप बीपासून वाढवलेलं आहे का, हे विचारावं आणि समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर घेऊ नये.

लागवड झाड झोपेत असताना, म्हणजे शरदात किंवा वसंताच्या अगदी तोंडाशी. मातीत निम्म्याहून जास्त भाग परलाइट, प्युमिस किंवा खडी असा पाणी न धरणारा असावा. कुजलेल्या पाल्याचा मोह आवरावा. जंगलातलं झाड म्हणून लोक पानांचं खत भरपूर घालतात, ते ओलं राहतं आणि राइझोम सडतो. मुळं आडवी, पंख्यासारखी पसरून ठेवायची, कोंबाचं टोक मातीच्या पृष्ठभागाखाली दोन-तीन सेंटिमीटर. उन्हाळ्यात ओल तुटू द्यायची नाही, कारण पुढच्या वर्षीचा कोंब तेव्हाच घडत असतो. खत अगदी पातळ, आणि तेही पानं वाढत असतानाच.

वसंतात कोंब जमिनीवर डोकावतो त्या दोन आठवड्यांत गोगलगाईंवर रात्रीची नजर ठेवावी लागते. कोंबाचं टोक खाल्लं गेलं की त्या वर्षीचं फूल गेलं. फूल आलंच आणि बी धरायची हौस नसेल तर सुकलेलं फूल खुडून टाकावं, बोंड पोसण्यात झाडाची बरीच शक्ती जाते. झाड बसलं की हलवू नये. झुबका दाट होऊन अनेक कोंब आले, साधारण पाच-सहा वर्षांनी, तरच शरदात काढून वेगळं करावं, आणि प्रत्येक तुकड्याला दोन-तीन कोंब व भरपूर मुळं राहतील असं पाहावं. एकेका कोंबाचे तुकडे केले तर ते पुन्हा फुलायला कित्येक वर्षं घेतात.